माले नको

परवा दुपारी चहाच्या वेळेला मागच्या गल्लीतली एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली. मुलगा पंचविशीचा, एका दुकानात हिशेब लिहितो. दुकानातली रोकड गेली, पोलिसांनी तिघांना बोलावलं आणि आता फौजदार म्हणतात, मशीनवर, म्हणजे खोटं पकडायच्या त्या पॉलिग्राफवर, बसशील का? मुलगा घरात यायला तयार नव्हता, ओट्यावरच बसला. बोलत होती ती आईच.

"ताई, तुम्ही जाई येल शेतस ना मुंबईले? तिठे काय करतस? करंट देतस का?"

मी गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर येऊन बसले. अकरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी सरळ विचारला नव्हता. विचारलं ते एवढंच, 'पास झाली का?' जणू मी बारावीला बसले होते.

करंट देत नाहीत. सुई टोचत नाहीत, इंजेक्शन नाही, गुंगी नाही. ते नार्कोचं, आणि ते वेगळं. टीव्हीवर दोन्हींची नावं एका दमात घेतात म्हणून लोकांची गल्लत होते. मला जे सांगायचंय ते मात्र वायरींपासून सुरू होत नाही, त्या खोलीत पाऊल टाकण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

मी तेव्हा तालुक्याच्या एका पतसंस्थेत रोखपाल होते. सोनेतारणाचं कपाट माझ्याकडे आणि व्यवस्थापकांकडे, दोन किल्ल्या, दोन्ही लागल्याशिवाय उघडायचं नाही. सोनेतारण म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पेरणीला पैसे लागले की बाईच्या अंगावरचं उतरतं, कापूस विकला की परत चढतं. सराफ नग मोजतो, वजन करतो, पाकिटात घालून लाखेचं सील लावतो, पाकिटावर सह्या होतात आणि पाकीट नंबराप्रमाणे खणात जातं. २०१४ च्या श्रावणात, कानबाई, आमच्या खानदेशात घरोघरी बसते ती देवी, बसायच्या दोन दिवस आधी, एक शेतकरीण तिची पोत सोडवायला आली. घरात कानबाई बसणार आणि गळा रिकामा, हे तिला नको होतं. पैसे मोजून तिनं काउंटरवर ठेवले. मी खण ओढला. तिच्या नंबराची जागा रिकामी होती. त्याच्या पुढची एक रिकामी, आणि खालच्या खणातल्या आणखी दोन.

त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. ती ओरडली नाही. तिनं पैसे परत पदरात बांधले आणि बाकावर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत.

संशय पाच जणांवर. व्यवस्थापक, मी, दोन कारकून आणि शिपाईकाका. शिपाईकाका सकाळी कुलूप उघडायचे, रात्री लावायचे, मधल्या वेळात चहा आणायचे. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे नव्हत्या, पण किल्ल्या ज्या ड्रॉवरमध्ये असायच्या तो ड्रॉवर ते रोज पुसायचे. महिनाभर जबाब झाले. मग एक दिवस तपासी अंमलदार म्हणाले, तुम्ही सगळे म्हणताय आम्ही नाही, तर मशीनवर बसा, दूध का दूध पानी का पानी होऊन जाईल.

मी लगेच हो म्हणाले. विचार करायला एक रात्रही मागितली नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, खऱ्याला काय भ्यायचं? माहेरी फोन केला तर मायही तेच म्हणाली, "तुले कसानं भ्याव?" साऱ्या जगाला वाटतं तसंच मलाही वाटत होतं, की यंत्र खोटं पकडतं, म्हणजे खऱ्याला सोडतं.

यंत्र खोटं पकडत नाही. ते श्वास मोजतं, नाडी आणि रक्तदाबाचे चढउतार मोजतं, बोटांना घाम किती येतो ते मोजतं. बस. खोटं बोलताना माणसाच्या शरीरात एक ठराविक खूण उमटते आणि ती फक्त खोट्याचीच असते, असं काही अजून सापडलेलं नाही. भीती, राग, लाज, अपमान, या सगळ्यांना तोच घाम येतो. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सननं श्वास, नाडी आणि रक्तदाब एकाच वेळी सलग टिपणारं यंत्र बांधलं, घामाचं मोजमाप पुढे जोडलं गेलं, आणि शंभर वर्षांनंतर लॅपटॉपला जोडलं तरी ते एवढंच मोजतं. खोटं काय, ते समोर बसलेला माणूस ठरवतो, रेषा बघून. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००३ च्या अहवालात म्हटलं की ही चाचणी नुसत्या अंदाजापेक्षा बरीच बरी, पण अचूकतेपासून बरीच लांब. त्याच देशाच्या सीआयएमध्ये आल्ड्रिच एम्स नावाचा अधिकारी रशियाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ मध्ये त्याला यंत्रावर बसवलं, दोन्ही वेळा तो सुटला. १९९४ मध्ये पकडला गेला.

हे मला तेव्हा माहीत असतं तरी मी हो म्हटलं असतं का? बहुतेक म्हटलं असतं. कारण मला पोलिसांना पटवायचं नव्हतं, गल्लीला पटवायचं होतं.

संमती पोलीस ठाण्यात देऊन चालत नाही, ती न्यायालयात द्यावी लागते. त्या मुलाला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन आणि आणखी दोन न्यायमूर्ती. त्यांनी सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूच्या लहरी टिपणारं ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही माणसावर त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही, मग तो आरोपी असो, संशयित असो की साक्षीदार. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि शरीराकडून उत्तर काढून घेणं हेही भाग पाडणंच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं काटेकोर पाळा, असंही सांगितलं. म्हणजे वकील मिळाला पाहिजे. चाचणीचा शरीरावर, मनावर, खटल्यावर काय परिणाम होतो ते पोलिसांनी आणि वकिलानं समजावून सांगितलं पाहिजे. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे. तिथे दिलेली उत्तरं म्हणजे न्यायाधीशासमोरचा कबुलीजबाब नव्हे, पोलिसांना दिलेल्या जबाबाएवढीच त्यांची किंमत, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. चाचणी स्वतंत्र संस्थेनं करायची, वकिलाच्या हजेरीत. आणि यंत्राचा निकाल, अगदी मर्जीनं बसलात तरी, पुरावा म्हणून चालत नाही. मर्जीनं दिलेल्या चाचणीतल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते.

माझे वकील मुंबईला आले नाहीत. त्यांना त्या दिवशी दुसरी तारीख होती, आणि मलाही वाटलं, कशाला त्यांना त्रास. मी आग्रह धरू शकत होते हे मला नंतर कळलं.

न्यायालयात आम्हाला एकेक करून आत बोलावलं. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, कोणी दबाव आणलाय का? मारहाण, धमकी? हो म्हटलं तर काय होतं, नाही म्हटलं तर काय होतं, वकिलांनी सांगितलंय का? मी भराभर उत्तरं दिली, सही केली, बाहेर आले. चार जणांचं असंच झालं. पाचवे शिपाईकाका. ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर. दारात उभा असलेला पट्टेवाला कोणाला तरी म्हणाला, हा नाही म्हणतोय. आत त्यांना विचारलं, बसणार का? ते म्हणाले, "माले नको." का, असं कोणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती, तो त्यांचा हक्क. कागदावर लिहिलं गेलं: संमती नाही.

पायऱ्यांवर आम्ही उभे होतो. ते आमच्याकडे आले. मी पदर सावरला आणि दोन पायऱ्या बाजूला झाले.

एवढंच केलं मी. काही बोलले नाही, बोट दाखवलं नाही. दोन पायऱ्या. पण काकांनी ते पाहिलं, आणि बाजूला उभ्या लोकांनीही. बारा वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांना मी तेवढ्या वेळात चोर ठरवून मोकळी झाले. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत ते घर बंद करून सुरतेला गेले. आमच्याकडचं माणूस हरलं की सुरतच गाठतं, उधन्याला, लिंबायतला, डिंडोलीला अख्खी गावंच्या गावं बसलेली आहेत.

आता त्या खोलीचं सांगते.

मला सप्टेंबरात बोलावलं. कलिनाला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे. जळगावहून रात्रीची गाडी, बरोबर आमचे हे आणि एक महिला कॉन्स्टेबल. दशम्या आणि ठेचा नेला होता, कॉन्स्टेबल बाईनं खाल्ला, माझ्या घशाखाली उतरला नाही. दादरला उतरून लोकलनं सांताक्रूझ. पहिला प्रश्न विचारला तो हाच की झोप झाली का, जेवलात का. झोप झाली नव्हती हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. जे सांगितलं तर ते तारीख पुढे ढकलतील असं काहीही असेल, तर ते लपवू नये: दम्याचा त्रास, हृदयाचं दुखणं, फिट येणं, दिवस गेलेले असणं, रक्तदाबाची नाहीतर झोपेची गोळी.

मला वाटलं होतं लगेच वायरी लावतील. पहिला दीड तास नुसतं बोलणं. समोर एक मध्यमवयीन अधिकारी, आवाज मऊ, बोलणं संथ, मला 'ताई' म्हणत होते. शिक्षण किती, मुलं किती, नोकरी कधी लागली, त्या दिवशी काय काय झालं. मग त्यांनी यंत्र दाखवलं, काय कुठे लागतं ते सांगितलं. आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं, की विचारायचे सगळे प्रश्न त्यांनी आधी वाचून दाखवले. एकही प्रश्न अचानक येत नाही. प्रत्येक शब्दावर विचारायचे, हे कळलं का, यात काही शंका आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. एखाद्या प्रश्नाला सरळ हो-नाही म्हणता येत नसेल तर तेव्हाच सांगायचं, ते शब्द बदलतात.

मग खुर्ची. रुंद हाताची, बसायला सपाट गादी, त्या गादीत शरीराची हालचाल टिपणारं काहीतरी. एक बाई सहायक आत आल्या. छातीवर एक नळी आणि पोटावर एक, साडीवरूनच, कमरपट्ट्यासारख्या. श्वास घेतला की त्या ताणतात. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिमट्यासारख्या पट्ट्या. त्यातून जाणारा प्रवाह इतका बारीक की काही म्हणजे काही जाणवत नाही. उजव्या दंडाला दवाखान्यातला रक्तदाबाचा पट्टा, आणि तो मात्र जाणवतो, कारण डॉक्टरकडे अर्ध्या मिनिटात हवा सोडतात, इथे पाच-सहा मिनिटं फुगलेलाच ठेवतात. हाताला मुंग्या येतात, बोटं जड होतात. समोर कोरी भिंत. अधिकारी बाजूला, लॅपटॉपच्या मागे, मला दिसणार नाहीत असे. हलायचं नाही, मान वळवायची नाही, खोल श्वास मुद्दाम घ्यायचा नाही.

आधी एक सराव. कागदावर तीन ते आठमधला एक आकडा लिहा, आणि मी प्रत्येक आकडा विचारला की 'नाही' म्हणा, तुमच्या आकड्यालासुद्धा. मी सहा लिहिला. सहाला मी 'नाही' म्हटलं. नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं, पाचापर्यंत रेषा सरळ, सहाला घामाची रेषा चढलेली. त्यांचा हेतू मला आता कळतो. बसणाऱ्याची खात्री पटली पाहिजे की यंत्र चुकत नाही. माझी पटली. आणि तिथून मला खरी भीती वाटायला लागली.

"आज मंगळवार आहे का?" हो. मग पंचवीस सेकंद शांतता. ती शांतता फार मोठी असते, आपल्याच दंडातली नाडी पट्ट्याखाली ठोकताना ऐकू येते.

"तुमचं माहेर गिरणाकाठी आहे का?" हो.

"ती पाकिटं तुम्ही कपाटातून काढली का?" नाही.

"ही नोकरी लागण्याआधी, तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही कधी फसवलंय का?"

हा प्रश्नही आधी वाचून दाखवला होता. तेव्हा अधिकारी म्हणाले होते, पतसंस्थेत सोनं सांभाळणारी बाई असं करणार नाही, पण विचारावं लागतं. मी म्हटलं होतं, नाही हो. आणि आता पुन्हा म्हटलं, नाही.

माझ्या डोळ्यासमोर आबा आले.

आबा म्हणजे माझे सासरे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कापसाचे पैसे आले की आबा ते धोतराच्या फडक्यात बांधून धान्याच्या कोठीत, दादर जातीच्या ज्वारीत खोल खुपसून ठेवायचे. माझ्या धाकट्या भावाला नाशिकला परीक्षेची फी भरायची होती, दोन हजार, तिसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणि माहेरी त्या वर्षी बोंडं काळी पडली होती. मागायची हिंमत झाली नाही. दुपारी सगळे शेतात असताना मी कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला. दाणे थंड असतात आतले. गाठ सोडली, दोन हजार काढले, गाठ होती तशीच बांधली, आबांची गाठ उजवीकडे वळायची, तीसुद्धा आठवून बांधली. रात्री आबांनी मोजले. पुन्हा मोजले. मग मला म्हणाले, "सून, तू मोज जरा, मन्हं काही खरं नही आता." मी त्यांच्यासमोर मोजले आणि जेवढे होते तेवढे सांगितले. त्यानंतर आबांनी पैसे मोजणंच सोडलं. फडकं मुलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, वय झालं. त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं.

यंत्राच्या खोलीत माझे तळवे ओले झाले. कान तापले. मला वाटलं, संपलं. हे सगळं आता पडद्यावर उमटलं असणार, आणि हे सोन्याच्या खात्यात मांडणार.

तेच प्रश्न, थोडे मागेपुढे करून, तीन वेळा विचारतात. मध्ये पट्ट्यातली हवा सोडतात, पाणी देतात. तिन्ही वेळा त्या प्रश्नाला माझे तळवे ओले झाले. सोन्याच्या प्रश्नांना मला काही झालं की नाही, ते आठवतही नाही, कारण माझं मन ज्वारीच्या कोठीत अडकलं होतं. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा ह्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, दंड दुखतोय.

दोन-अडीच महिन्यांनी वकिलांनी कागद बघून सांगितलं, तुमचा अहवाल स्वच्छ आहे. माझा विश्वास बसेना. पुढे कधीतरी मी ही पद्धत नीट वाचून काढली आणि कळलं. त्यातले काही प्रश्न मुळी त्यासाठीच असतात. गुन्ह्याचा प्रश्न आणि त्याच्या शेजारी असा एक मोघम प्रश्न, ज्याला जवळजवळ कोणीही मनापासून 'नाही' म्हणू शकत नाही. हिशेब असा की निर्दोष माणसाला त्या मोघम प्रश्नाची भीती जास्त वाटेल आणि दोषी माणसाला गुन्ह्याच्या. दोन रेषांची तुलना करायची. मोघम प्रश्नाला रेषा जास्त उसळली तर माणूस खरा.

म्हणजे मला माझ्या खरेपणानं सोडवलं नव्हतं. आबांना फसवून घेतलेल्या त्या दोन हजारांनी सोडवलं होतं.

मी माझ्या मायला त्या खुर्चीत बसवून पाहते. तिनं आयुष्यात कोणाचा दोरा उचलला नाही. तिला त्या मोघम प्रश्नाचं काही वाटणार नाही, ती शांतपणे नाही म्हणेल, कारण ते खरं आहे. आणि पोलिसांची जीप गल्लीत शिरली तरी जिच्या हातातलं ताट वाजतं, तिला 'पाकिटं तुम्ही काढली का' म्हटल्यावर काय होईल? 'खऱ्याला काय भ्यायचं' म्हणणारी माझी माय त्या यंत्रावर खोटी ठरेल. ती भित्री आहे, आणि तिच्याकडे लपवायला काही नाही.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. आपल्याकडे स्मृतिग्रंथांत दिव्यं सांगितली आहेत, तुळा, अग्नी, पाणी, विष, कोश (देवाच्या स्नानाचं पाणी पिणं), आणि तांदळाचंही. संशयिताला तांदूळ चावून पानावर थुंकायला लावायचे. भ्यालेल्याच्या तोंडातली लाळ आटते हे त्यांना ठाऊक असणार. मराठेशाहीच्या कागदपत्रांत रवादिव्य येतं: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर, तिसऱ्या दिवशी मोहोर फोडून हात बघायचा. आणि बेलभंडार तर माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी पाहिलाय. देवळात बेलाचं पान आणि भंडारा उचलून 'मी नेलं नाही' म्हणायचं. हात थरथरला की खोटा.

चोर कसा सापडला, ते थोडक्यातच सांगते, कारण त्यात यंत्राचा काही संबंध नाही. आमच्या दोन कारकुनांपैकी एक. तोही मशीनवर बसला होता, त्याच्या अहवालात कौल देता येत नाही असं आलं होतं. एक हवालदार आसपासच्या तालुक्यांतल्या सराफांकडे आणि पतसंस्थांत पायी फिरत राहिला, हातात त्या शेतकरणीच्या पोतीचं वर्णन. जुन्या घडणीची पोत होती, तिच्या आजीची. एका ठिकाणी रजिस्टरात ती सापडली, शेजारी सही. पुढच्या पावसाळ्यात ती पोत तिला परत मिळाली. कानबाई होऊन गेली होती.

आबा तोवर गेले होते. ह्यांना मी ते दोन हजार सांगितले, पण वर्षभरानं. ते एक दिवस बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तो पास झाला होता ना त्या परीक्षेत?" झाला होता.

शिपाईकाका भेटले ते तीन वर्षांपूर्वी, उधन्याला, नात्यातल्या एका लग्नात. कापड मार्केटमध्ये रखवालीला आहेत. मीच त्यांना शोधत पंगतीच्या टोकाला गेले. काय बोलायचं ते वाटभर जुळवलं होतं, त्यातलं काही तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, काका, त्या दिवशी पायऱ्यांवर मी बाजूला झाले. ते म्हणाले, हो. मग आम्ही दोघं गप्प.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "ताई, तिठे काय करतस ते?" मी सगळं सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं. नळ्या, चिमटे, कोरी भिंत. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि दंडावर हात ठेवला. "आठे बांधतस?" मी म्हटलं, हो, इथेच. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. दहा वर्षांचे असताना गावात एका घरचा पितळी तांब्या गेला. त्यांना देवळात नेलं, तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. हात थरथरला, पान खाली पडलं. मारलं त्यांना, वडिलांसमोर. तांब्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना निघाला, पोहऱ्याबरोबर गेला असणार. कोणी परत येऊन काही बोललं नाही.

"मन्हा हात थरथरस, ताई," ते म्हणाले. "काहीच नही करं तरी थरथरस."

न्यायालयात ते घाबरून नाही म्हणाले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आमच्या पाच जणांत यंत्र काय मोजतं हे त्या एका माणसाला आधीपासून माहीत होतं.

त्या मुलाला आणि त्याच्या आईला मी हे सगळं सांगितलं, आबांचंसुद्धा. चहा दोनदा झाला. तुला बसायचं असेल तर बस, म्हटलं, तिथली माणसं वाईट नसतात, आपलं काम नीट करतात. झोपून जा, जेवून जा, औषधं सांग, प्रश्न समजला नाही तर तिथल्या तिथे विचार, वकिलाशिवाय जाऊ नको. आणि न्यायाधीश विचारतील तेव्हा ते खरंच विचारत असतात. वेळ मागता येतो. हो म्हणून नंतर नाहीही म्हणता येतं.

मुलगा तोवर उंबऱ्यापर्यंत आला होता. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नाही म्हटलं तर काय लिहितात?"

"संमती नाही. एवढंच."

"आणि गावात?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या आईला मी तारीख विचारली. बुधवार, अकरा वाजता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बुधवारभोवती गोल केला आणि त्याला म्हटलं, तू काहीही म्हण, बाहेर येशील तेव्हा मी पायऱ्यांवर असेन.